मुकोशीच्या किनाऱ्याची जमीन आणि डॉ. कापेंबा यांचा वाटा

मी, डॉ. कासुबा चिशिंबा, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय पूर्वी डॉक्टरकी, सध्या आंब्याची झाडे राखणे, राहणार मान्सा, लुआपुला प्रांत, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते या कागदावर सांगून ठेवत आहे. हे मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही.

माझे मन सावध आहे. आज सकाळी इथल्या एका तरुण डॉक्टरने मला तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. त्याने मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. कायद्याला या दाखल्याची गरज नाही, असे माझ्या वकील श्रीमती न्गोसा म्हणाल्या. मला आहे. यापूर्वी एकदा माझे मन ठिकाणावर नसल्याचा दाखला काढण्यात आला होता. तो कोणी काढला आणि कोणासाठी, हे पुढे त्या त्या कलमात येईल.

याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. ती रद्द समजावीत. दोन्हींत मी फारच सौम्य होते.

व्यवस्थेचे सर्व अधिकार मी लुसे हिला देते. लुसे ही माझी धाकटी बहीण बुपे हिची मुलगी. बुपे गेली तेव्हा ही रांगत होती. ती मला 'मायो' म्हणजे आई म्हणते, आमच्यात आईची बहीण ही आईच. लुसे या नावाचा अर्थ दया. नाव तिच्या आईने ठेवले. मला विचारले असते तर मी ठेवू दिले नसते.

कलम पहिले : माझा देह

मला मान्सात पुरू नये. बांगवेउलू सरोवराच्या काठी मुकोशी नावाची मच्छीमारांची वस्ती आहे, तिथे बुपेच्या शेजारी पुरावे. साधी पेटी चालेल. बायकांनी घरात बसून रडायचे तेवढे रडावे, पुरुषांनी बाहेर शेकोटीभोवती बसून माझ्याबद्दल बोलायचे ते बोलावे, मला ऐकू येणार नाही.

डॉ. एव्हरिस्तो कापेंबा, मध्य व दक्षिण आफ्रिका आरोग्य परिषदेचे निवृत्त महासंचालक, हे अंत्ययात्रेला येतील. न बोलावता येतील, मोठ्या गाडीतून येतील, आणि येताना छापलेले भाषण आणतील. त्यांना हाकलू नये. दारातून कोणाला उपाशी लावणे आमच्या घरात झालेले नाही. त्यांना मक्याच्या पिठाचा न्शिमा वाढावा, मासळी वाढावी, हात धुवायला पाणी द्यावे. माइक देऊ नये. पेटीला त्यांचा हात लागू देऊ नये. त्यांनी माती टाकायला पुढे होऊ पाहिले तर लुसेने त्यांच्या हातातले फावडे काढून घ्यावे. हे ती करणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून या कामासाठी वकील श्रीमती न्गोसा यांची नेमणूक करते. त्यांनी होकार दिला आहे, आणि तो देताना त्या हसल्या, हेही नोंदवते.

कलम दुसरे : घर

मान्सातले विटांचे घर, मागची आंब्याची झाडे, कोंबड्या आणि स्वयंपाकघरातले सर्व सामान लुसेला. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. फक्त परिषदेच्या कोणाही आजी-माजी अधिकाऱ्याला भाड्याने देऊ नये.

लुसे आता त्याच परिषदेत नोकरीला आहे. लसीकरणाचे काम बघते, आणि चांगले बघते. तिने तिथे अर्ज केला तेव्हा आमचे पावसाळाभर बोलणे नव्हते. शेवटी तिनेच तोंड उघडले. म्हणाली, "मायो, तू ज्या घरातून हाकलली गेलीस, त्यात मी का जाऊ नये? घर त्यांच्या बापाचं आहे का?" 

कलम तिसरे : देशोदेशीच्या वस्तू

लेसोथोमधले तट्टाचे खोगीर माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. तिथल्या डोंगरांत मोटार जात नाही. लसीच्या थंड पेट्या तट्टांवर बांधून, घोंगडी पांघरून मी वाड्यावस्त्यांवर जात असे. पुढे तिथल्या लसीकरणाची प्रमुख झाले तरी खोगीर सोडले नाही, कारण कचेरीत बसलेल्या माणसाला सगळी बालके टोचलेली दिसतात. हे खोगीर मान्साच्या मुलींच्या शाळेला द्यावे. त्यावर मुलींनी बसावे. काचेच्या कपाटात ठेवल्यास परत घ्यावे.

मोझांबिकच्या पुरानंतर बेइरा शहरातल्या बायकांनी मला दिलेली छापील वस्त्रे, एक पेटीभर आहेत, ती लुसेच्या मैत्रिणींना वाटावीत. त्या पुरात मी साथ-नियंत्रणाची मुख्य होते. तिथे मी पहिला नियम केला, आणि नंतर जिथे जिथे मला खुर्ची मिळाली तिथे तिथे तोच केला: कॉलऱ्याचा संशय आला की ज्या परिचारिकेला आला तिनेच त्याच दिवशी जाहीर करायचे. वरच्या कोणालाही विचारायचे नाही. विचारत बसली तर तिची बदली.

एका देशाचे आरोग्यसचिव या नियमावर माझ्याशी भांडले. "डॉक्टरबाई, उद्या कोणी पोरगी हगवणीलाच कॉलरा म्हणेल. मग?"

"मग आपण सगळे मूर्ख ठरू," मी म्हटले, "आणि जिवंत असू."

या नियमाचे पुढे पुष्कळ कौतुक झाले, शिक्षणसंस्थांत तो शिकवतात. लोकांना वाटते तो अनुभवातून आला. तो रागातून आला. तो करताना प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता, आणि मला त्याचे तोंड बंद करायचे होते.

कलम चौथे : मुकोशीची जमीन

मुकोशीच्या धक्क्यापासून कबरस्तानापर्यंतची किनाऱ्याची जमीन मी तिथल्या प्रमुखांच्या संमतीने, पंचांसमक्ष, रीतसर माझ्या नावे करून घेतली आहे. ती कोणालाही विकू नये, दान करू नये, संस्थेसाठी देऊ नये. ती वस्तीच्या लोकांची म्हणून राहावी. हे इतके आवळून का लिहिते ते कळण्यासाठी पुढचे सांगणे भाग आहे.

लुसे रांगत होती त्या वेळी मी परिषदेच्या साथरोग विभागाची प्रमुख होते आणि कापेंबा उपमहासंचालक. आम्ही एका वर्गातले. मालावीत गोवराच्या साथीत आम्ही एका तंबूत रुग्ण तपासले होते, आणि तो चांगला डॉक्टर होता, हे मी लपवत नाही. त्या वर्षी साम्फ्याला, सरोवराच्या वाळूच्या काठावर, देशोदेशीच्या आरोग्यमंत्र्यांची बैठक भरायची होती. विषय होता पिण्याचे शुद्ध पाणी. त्याच बैठकीत नव्या महासंचालकाची निवड होती आणि उमेदवार कापेंबा होता.

बुपे मुकोशीच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिने रेडिओवरून साम्फ्याच्या कचेरीला कळवले की माणसे तांदळाच्या पेजेसारखी जुलाब करत आहेत, सलाईन संपत आले, बोट पाठवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कळवले. तिसऱ्या दिवशी तिने रेडिओवरूनच थेट मला राजधानीत, लुसाकात गाठले. "याया," ती म्हणाली. आमच्यात थोरल्या बहिणीला याया म्हणतात. "याया, साम्फ्याला कोणी बहिरं बसलंय का?"

मी त्याच दिवशी साम्फ्याला गेले. कापेंबा सरोवराकाठच्या हॉटेलच्या व्हरांड्यात भाषण पाठ करत बसला होता.

"एव्हरिस्तो, मुकोशीत कॉलरा आहे," मी म्हटले.

"हळू बोल. आत मंत्री जेवताहेत."

"बुपे बोट मागून मागून थकली. बोटी कुठं आहेत?"

"पाहुण्यांना घेऊन दलदलीत गेल्यात. त्यांना तो मोठ्या चोचीचा पक्षी बघायचाय."

"पक्षी."

"कासुबा, लोकांची पोटं बिघडलीत. पावसाळ्यात दरवर्षी बिघडतात. परवा मतदान आहे. ते होऊ दे, मग तू म्हणशील ते नाव देऊ आजाराला. आज हे नाव घेतलंस तर सगळे मंत्री जेवण टाकून विमानतळ गाठतील."

"परवापर्यंत किती जातील, ठाऊक आहे तुला?"

"मला आकडे नको शिकवूस."

"मग माणसं सांगते. माझी बहीण आहे तिथं."

तो भाषणाच्या कागदांकडे बघत म्हणाला, "म्हणूनच तुझं डोकं ठिकाणावर नाहीये." सहज म्हणाला. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य शिक्का मारून कागदावर आले.

मी रेडिओ केंद्रात गेले आणि कॉलरा जाहीर केला. पाणी उकळा, मुकोशीकडून मासळी आणू नका, आजाऱ्याला मीठसाखरेचे पाणी पाजा, एवढे सांगितले. तिथून बाजारात जाऊन होती तेवढी साखर आणि मीठ उचलले. दुकानदारीण पोती बांधता बांधता म्हणाली, "डॉक्टरबाई, घरात लग्न निघालं वाटतं?"

"कापेंबाचं," मी म्हटले.

एका कोळ्याने मला होडीतून नेले. पोचले तेव्हा दवाखान्यात जागा नव्हती, माणसे किनाऱ्यावर चटयांवर झोपवली होती. बुपे स्वतः खाटेवर होती. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुण्याच्या बाईसारखी सुरकुतलेली. खाटेवरून ती बायकांना हुकूम सोडत होती, कोणाला आधी पाजायचे, कोणाची चादर बदलायची. मला बघून म्हणाली, "मोठी बोट कुठंय?"

"येतेय," मी म्हटले.

"तू खोटं बोललीस की तुझं नाक हलतं, याया."

दुसऱ्या दिवशी आम्ही पिंपात मीठसाखर ढवळत असताना एका कोळ्याच्या ट्रान्झिस्टरवर परिषदेचे निवेदन लागले. मुकोशीत कॉलरा नाही. काल ज्यांनी तसे सांगितले त्या डॉ. चिशिंबा अतिश्रमामुळे मनाचा तोल गमावून बसल्या आहेत, तसा त्यांच्या पतींचा, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, दाखला उपलब्ध आहे. लोकांनी निर्धास्त राहावे.

लोक माझ्याकडे बघू लागले. ज्या बायका माझ्या सांगण्यावरून पाणी उकळत होत्या त्यांचे हात थांबले. एकाने आपल्या आजारी बापाला उचलून होडीत घातले, घरी नेतो म्हणाला, साथ नाहीच तर इथे कशाला. मी पिंपाशी नुसती उभी राहिले.

खाटेवरून बुपे म्हणाली, "वेडी तर वेडी. उभी काय राहिलीस, मीठ घाल." मग बायकांना म्हणाली, "आणि तुम्ही गं, चूल विझतेय."

त्यांनी पुन्हा लाकडे सारली. बुपे दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तिच्या आधी किती गेले आणि नंतर किती, ते मुकोशीच्या कबरस्तानात उभे राहून कोणीही मोजावे. निवेदनानंतर जे होडीत बसून आपापल्या वस्तीला निर्धास्त गेले, त्यांनी साथ तिथे नेली. त्यांच्या कबरी तिथे आहेत.

मतदान झाले. कापेंबा महासंचालक झाला. मग मोठी बोट आली, सलाईनने भरून, आणि तिच्यातून नवा महासंचालक आणि एक छायाचित्रकार उतरले. मी बुपेला माती देऊन परत येत होते तेव्हा तो एका रिकाम्या खाटेशेजारी सलाईनची बाटली उंच धरून उभा होता. ती खाट बुपेची होती. ते छायाचित्र देशोदेशी छापून आले. मुकोशीची साथ आटोक्यात आणल्याबद्दल त्याला पुढे पदक मिळाले आणि पदकाच्या भाषणात त्याने बुपेचे नाव घेतले. 'आमची शहीद भगिनी' म्हणाला. तेव्हापासून जिथे उभा राहील तिथे तो तिचे नाव घेतो, आणि त्याचा आवाज बरोबर त्याच जागी भरून येतो.

मला विश्रांतीसाठी म्हणून पदावरून दूर केले. ती विश्रांती मी लेसोथोच्या डोंगरांत घेतली.

कलम पाचवे : खाट

बुपेची ती खाट माझ्याकडे आहे. ताडपत्रीची, मधोमध भोक असलेली, खाली बादली ठेवण्याची, कॉलऱ्याच्या रुग्णासाठी असते तशी. ती मी माझे पूर्वीचे पती डॉ. मुबिता लिसुलो यांना देते. पोचवण्याचा खर्च माझ्या पैशांतून करावा.

मुकोशीहून परतल्यावर मी त्यांना विचारले होते, "मला न तपासता दाखला कसा दिलास?"

"नवरा आहे मी तुझा. रोज तपासतो."

"आणि काय सापडलं?"

"कासुबा, मी तुला वाचवलं. नाहीतर घबराट पसरवल्याचा खटला भरणार होता तो. वेड्या माणसावर खटला चालत नाही." हे बोलताना ते पावाला लोणी लावत होते. महिन्याभरात ते परिषदेच्या मानसिक आरोग्य विभागाचे प्रमुख झाले.

डॉ. लिसुलो आता लिव्हिंगस्टनला राहतात, त्यांची पत्नी सज्जन बाई आहे, तिच्याविरुद्ध माझे काही नाही. खाट तिच्या हाती देऊ नये. डॉ. लिसुलो यांना समक्ष द्यावी आणि ती कोणाची, हे मोठ्याने सांगावे. ती त्यांनी फेकली तरी चालेल. फेकण्याआधी उचलावी लागेल, तेवढे मला पुरे आहे.

कलम सहावे : घड्याळ

परिषदेने दीर्घ सेवेबद्दल पाठवलेले भिंतीवरचे घड्याळ वेष्टनासकट आहे. ते जसेच्या तसे परत करावे.

कलम सातवे : डॉ. एव्हरिस्तो कापेंबा यांचा वाटा

गेल्या कोरड्या हंगामात डॉ. कापेंबा माझ्या घरी आले. काठी टेकत आले, बरोबर तांदळाचे पोते आणि तेलाचा डबा घेऊन. लुसे सुट्टीवर आली होती. तिने त्यांना बसवले, मुन्कोयोचा पेला पुढे ठेवला. मक्याचे ते गार पेय आमच्याकडे आल्यागेल्याला देतात. त्यांनी पेला तोंडाशी नेला, थांबले आणि विचारले, "पाणी उकळलेलं आहे ना?"

"हा प्रश्न विचारायला तू फार उशीर केलास, एव्हरिस्तो," मी म्हटले.

ते हसले. हसण्यात ते पहिल्यापासून तरबेज. मग विषयावर आले. त्यांच्या नावाची रोगनियंत्रण प्रशिक्षण संस्था उभी राहायची आहे, देणगीदार तयार आहेत, आणि जागा म्हणून मुकोशीचा किनारा सगळ्यांना पसंत आहे. इतिहास आहे तिथे, ते म्हणाले.

"इतिहास नाही, कबरी आहेत."

"त्यांना धक्का लागणार नाही. आणि मुख्य सभागृहाला आपण बुपेचं नाव देऊ. तिचा अर्धपुतळा ठेवू दारात. लुसे, तुला काय वाटतं, बाळ?"

लुसेने माझ्याकडे बघितले. तिला आईचा चेहरा आठवत नाही. एक धूसर छायाचित्र आहे तेवढेच. पुतळा म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मी पाहिले, आणि त्या माणसाने ते नेमके हेरून ते वाक्य आणले होते, हेही पाहिले.

"बाहेरच्या पाटीवर तुझं नाव आणि आतल्या खोलीवर तिचं," मी म्हटले. "ती अजून तुझ्याच हाताखाली."

"कासुबा, आपण दोघं आता किती दिवसांचे? कशाला इतकं धरून ठेवायचं? मी काही खून केला नाही. त्या काळी सगळेच थोडं थांबून जाहीर करायचे."

"थोडं थांबल्यामुळे तू महासंचालक झालास. तिला काय मिळालं?"

"तिला मान मिळाला," ते म्हणाले. "माझ्यामुळे मिळाला. मी नाव घेतलं नसतं तर त्या वस्तीबाहेर तिला कोण ओळखत होतं?"

मी तांदूळ आणि तेल त्यांच्या गाडीत परत ठेवायला लावले. ते गेल्यावर लुसेने त्यांचा मुन्कोयोचा पेला उचलला. मग म्हणाली, "मायो, तो मेला तरी तू त्याच्याशी भांडत राहशील."

"मी आधी मरेन. म्हणून आत्ताच करून ठेवते."

तर डॉ. कापेंबा यांना मुकोशीच्या किनाऱ्यावर आपल्या नावाची वास्तू हवी आहे. त्यांची ती इच्छा मी पुरी करते. माझ्या निवृत्तिवेतनातून शिल्लक राहिलेल्या पैशांतून, आणि कमी पडल्यास माझी मोटार विकून, किनाऱ्यावर सार्वजनिक शौचालय बांधावे. पुरुषांसाठी वेगळे, बायकांसाठी वेगळे, पक्के, खोल खड्ड्यांचे, सरोवरापासून योग्य अंतरावर, हात धुवायला पंप आणि साबणासह. त्यावर 'डॉ. एव्हरिस्तो कापेंबा सार्वजनिक शौचालय' अशी अक्षरे होडीतून वाचता येतील एवढी मोठी काढावीत, परिषदेच्या ध्वजाच्या निळ्या रंगात. दरवर्षी मासेमारीचा हंगाम सुरू होण्याआधी नाव नव्याने रंगवावे. माझे पैसे पुरतील तोवर साबण आणि रंग या दोन्हींत खंड पडू नये.

कॉलरा शौचालयांनी थांबतो, सभागृहांनी थांबत नाही. तेव्हा हे त्यांच्या कार्याला साजेसे स्मारक आहे. वस्तीतली पोरे सकाळी उठून एकमेकांना म्हणतील, 'कापेंबात जाऊन येतो.' त्यांचीही पोरे म्हणतील. पदके पेटीत राहतात, हे तोंडात राहील.

वकील श्रीमती न्गोसा यांनी विचारले, हे सगळे मेल्यानंतरच करायचे का? मी विचार केला आणि बांधकाम लगेच सुरू करवले. ही गंमत बघायला आपण का नसावे, असे मला वाटले.

पुरवणी

वरील कलमे लिहून महिना झाला. आज त्यात बदल करत आहे. मन अजून सावध आहे, पण प्रसन्न नाही.

शौचालय बांधून झाले. परवा मी आणि लुसे होडीने मुकोशीला गेलो. अक्षरे खरोखर पाण्यावरून वाचता येत होती. ती जवळ येताना बघून मला जो आनंद झाला तसा कोणत्याही नेमणुकीच्या कागदाने झाला नव्हता. लोक जमले. नवे लोक पुष्कळ आहेत, त्यांना कापेंबा कोण ते माहीत नव्हते. म्हणून मी पंपाच्या ओट्यावर बसले आणि सगळे सांगितले, बोट, पक्षी, निवेदन, छायाचित्र. तिथल्या लोकांसमोर मी हे आजवर कधी सांगितले नव्हते. शेवटी पाटीकडे बोट केले. तरुण कोळी हसू लागले. एक म्हणाला, "मग आज जोरात जायला पाहिजे." सगळी माणसे हसली, मीही हसले.

एक म्हातारी हसली नाही. ती मासळी वाळवणारी बाई आहे, अजून रोज वाळवते. तिला सगळे बाना-म्पुंडू म्हणतात. म्पुंडू म्हणजे जुळी, आणि बाना-म्पुंडू म्हणजे जुळ्यांची आई. तिची दोन्ही मुले त्या साथीत एका दिवशी गेली. लोकांनी हाक बदलली नाही.

"डॉक्टरबाई," ती म्हणाली, "हे कोणासाठी बांधलंत?"

"तुमच्यासाठी, मायो."

"मग ह्यावर त्याचं नाव का?"

"त्याची फजिती व्हावी म्हणून."

"तो इथं येणार आहे का बघायला?"

"नाही. पण कळेल त्याला."

"त्याला एकदा कळेल," बाना-म्पुंडू म्हणाली. "मला रोज सकाळी दिसेल. माझ्या पोरांचे चेहरे पुसट होत चाललेत, बाई. डोळे मिटून आणावे लागतात. एकाच्या कपाळावर व्रण होता, तो कोणाच्या, तेही आता घोटाळतं. आणि ह्या माणसाचं नाव मी मरेपर्यंत रोज घोकू?"

"लोक शिवी म्हणून घेतील ते नाव," मी म्हटले.

"दहा वर्षं घेतील. मग नुसतं नाव राहील. पोरं म्हणतील, कोणी मोठा माणूस होता, त्यानं आपल्याला बांधून दिलं."

मला राग आला. उघड सांगते, फार राग आला. इतक्या वर्षांत माझ्या हाती लागलेला हा एकच सूड होता, तो मी पैसे खर्चून बांधला होता, आणि ती म्हातारी बरोबर बोलत होती. मी लुसेकडे बघितले. वाटले, ती आता काहीतरी मऊ बोलेल आणि मला तिच्यावर ओरडता येईल. तिने जाऊन रंगाऱ्याकडून चुन्याची बादली आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

"हात पोचत नाही माझा," मी म्हटले.

"तू सांग. मी चढते," लुसे म्हणाली.

मी सांगितले. तिने अक्षरे पुसायला घेतली. निळा रंग चांगल्या प्रतीचा घेतला होता, तो चुन्याला दाद देईना. संध्याकाळपर्यंत तिने तीन हात दिले. तोवर बाना-म्पुंडू ओट्यावर माझ्याशेजारी बसली होती, वाळकी मासळी निवडत, आणि मी तिला तिच्या मुलांबद्दल विचारत होते. व्रण धाकट्याच्या कपाळावर होता. बोलता बोलता तिचे तिलाच आठवले.

सबब कलम सातव्यातील नावाचा मजकूर रद्द. साबण, पंप आणि दुरुस्ती यांची तरतूद कायम. इमारतीवर एका बाजूस 'पुरुष' आणि दुसऱ्या बाजूस 'स्त्रिया' एवढेच लिहावे. कलम पहिले आणि पाचवे जसेच्या तसे, त्यांत मी कोणाचे ऐकणार नाही.

डॉ. एव्हरिस्तो कापेंबा यांच्यासाठी मी काहीही ठेवत नाही. हे मृत्युपत्र एकदा वाचून झाले की आमच्या घरात किंवा मुकोशीत त्यांचे नाव काढण्याचे कोणालाही कारण उरू नये.

वरील सर्व मी वाचले, वाचवून घेतले, ते माझेच आहे. दोन्ही साक्षीदार समोर बसलेले असताना सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली. दोघांनाही या मृत्युपत्रात काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

ठिकाण : मुकोशी, बांगवेउलू सरोवर
दिनांक : ९ ऑगस्ट २०२३

(सही) डॉ. कासुबा चिशिंबा

साक्षीदार पहिला : (सही) जोसेफात कालुंबा, शिक्षक, मुकोशी प्राथमिक शाळा

साक्षीदार दुसरी : (डाव्या हाताचा अंगठा) बाना-म्पुंडू, मासळी वाळवणारी, मुकोशी. वकिलांनी कागदोपत्री असलेले नाव विचारले. "हेच लिही," असे साक्षीदाराने सांगितल्यावरून हेच लिहिले आहे.